कोचिंगमधील प्रश्न आणि आपली मराठी मंडळी

सह्यवासी

मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, तरुणांना आणि सेवेत नव्याने आलेल्या पाळकांना (पाद्रींना) मी गेली काही वर्षे कोचिंग देत आहे. सल्ला देण्याऐवजी प्रश्न विचारावेत आणि समोरच्या व्यक्तीला तिचा पुढचा मार्ग तिचा तिलाच सापडू द्यावा, अशी या कामाची रीत आहे. ती समजायला सोपी आहे, पण आपल्या मंडळ्यांमध्ये ती चालवताना वारंवार एकच अडचण येते, म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण अशी की आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने प्रश्न विचारला की ऐकणारा लगेच परीक्षेला बसतो. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतील मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणात, आपली प्रश्नांशी ओळख झाली ती तशीच. वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी १६४७ साली सिद्ध झाली. तिच्यात १०७ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्याखालीच छापलेले आहे. विश्वासाची शिकवण पक्की करण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र तीच सवय घेऊन एखादा पाळक कोचिंगला बसला, की त्याच्या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एक उत्तर दडलेले असते, आणि समोरचा तरुण स्वतःच्या आयुष्याचा विचार करण्याऐवजी ‘यांना काय ऐकायचे आहे’ याचा अंदाज बांधत राहतो.

‘तू याविषयी प्रार्थना केलीस का?’ हा आपला सर्वांत आवडता प्रश्न घ्या. तो प्रश्नासारखा दिसतो, पण त्याला दोनच उत्तरे आहेत आणि त्यांपैकी एक देण्याची लाज वाटते. बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि संवाद तिथेच थांबतो. त्याऐवजी ‘या गोष्टीविषयी तू देवाशी काय बोलतोस?’ असे विचारले, तर कोणी सांगतो की मी रागावलो आहे, कोणी सांगतो की मी हा विषय प्रार्थनेत मुद्दाम टाळतो, आणि खरे बोलणे तिथून सुरू होते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान त्याच्याकडे येतात, तेव्हा तो विचारतो की मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे. आणि ते वैभवातील उजवी-डावी आसने मागतात. काही वचनांनंतर यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला तो तेच विचारतो, आणि बार्तीमय दृष्टी मागतो. आंधळ्या भिकाऱ्याला काय हवे असेल हे काय विचारायला हवे? तरीही येशू विचारतो, आणि मागणी त्याच्या स्वतःच्या तोंडून येऊ देतो. प्रश्न तोच असूनही एकीकडे महत्त्वाकांक्षा उघडी पडते आणि दुसरीकडे विश्वास उघडा होतो. याचा अर्थ मी असा घेतो की विचारणाऱ्याने उत्तर आधी ठरवलेले नसेल, तरच प्रश्न माणसाला पुढे नेतो. आपणांस काय वाटते आणि आपापल्या मंडळीत काय अनुभव आहे, ते कृपया लिहावे.

खानदेशी पाळक

सलाम. लेख आवडला, परंतु माझी एक गंभीर हरकत आहे. पाळकाला शिक्षण देण्यासाठी आणि वेळ पडल्यास दोष दाखवण्यासाठीही नेमलेले असते. माझ्या मंडळीतील एखादा विवाहित मनुष्य दुसऱ्या स्त्रीबरोबर राहू लागला, तर मी त्याला ‘तुम्हाला स्वतःला काय वाटते?’ असे विचारत बसावे काय? दुसऱ्याची बायको बळकावणाऱ्या दाविद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाची कोकरी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली हे खरे, पण शेवटी ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे स्पष्ट सांगितले. जे वचनात उघड आहे ते प्रश्नांच्या आड लपवणे हा मला नम्रपणा वाटत नाही. ती जबाबदारीतून काढलेली पळवाट वाटते.

दुसरे असे की देव स्वतः प्रश्न विचारून थांबत नाही. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याला ‘तू येथे काय करीत आहेस?’ असे दोनदा विचारले गेले आणि एलीयाने दोन्ही वेळा अक्षरशः तेच उत्तर दिले की मी एकटाच उरलो आहे. त्याच्या उत्तरात काहीही फरक पडला नाही. त्यानंतर देवाने तिसऱ्यांदा विचारले नाही, तर परत जा, हजाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक कर, अशी सरळ आज्ञा दिली, आणि इस्राएलात देवाशी एकनिष्ठ असे सात हजार जण अजून शिल्लक आहेत ही त्याला ठाऊक नसलेली माहितीही दिली. काही वेळा माणसाला प्रश्नाची नव्हे, माहितीची आणि आज्ञेची गरज असते.

सह्यवासी

पाळकसाहेब, एलीयाचा दाखला मी या दृष्टीने कधी वाचला नव्हता. आपले म्हणणे मला मान्य आहे. जिथे वचनाची स्पष्ट आज्ञा मोडली जात आहे, तिथे कोचिंग हे साधनच चुकीचे आहे आणि आपण पाळक म्हणूनच बोलले पाहिजे. माझा आग्रह इतकाच आहे की त्या वेळी आपण कोणत्या नात्याने बोलत आहोत ते उघड सांगावे. ‘आता मी तुमचा पाळक म्हणून बोलतो’ असे एक वाक्य पुरते. ठपका ठेवायचा असून तो प्रश्नाच्या वेषात पाठवला, तर ऐकणाऱ्याला ठपका बसतोच आणि वर फसवणूक झाल्यासारखेही वाटते.

परंतु आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य गोष्टी आज्ञा मोडण्याच्या नसतात. नोकरी सोडून सेवेत यावे की न यावे, भावाशी वाटणीवरून तुटलेले बोलणे पुन्हा कसे सुरू करावे, तरुण संघाची जबाबदारी झेपत नाही हे कोणाला सांगावे, असे ते विषय असतात. यांची उत्तरे वचनाच्या कोणत्याही एका ओळीत लिहिलेली नाहीत.

वसईकर

आम्हा कॅथलिकांकडे कोचिंग हा शब्द अलीकडे आला, पण आध्यात्मिक मार्गदर्शनाची परंपरा जुनी आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. लोयोलाच्या संत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्याच्या प्रारंभी मार्गदर्शकासाठी वीस सूचना आहेत आणि त्यांतील पंधरावी सूचना या धाग्याच्या अगदी मध्यावर येते. साधना करणाऱ्याला मार्गदर्शकाने एखाद्या विशिष्ट व्रताकडे किंवा जीवनमार्गाकडे ओढू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये स्थिर राहावे आणि निर्माणकर्त्याला त्याच्या निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा, असे ती सांगते. संन्यस्त जीवन श्रेष्ठ आहे असे इग्नेशियस स्वतः मानत होता, आणि तरीही साधना चालू असताना मार्गदर्शकाने त्याच्या बाजूने जोर लावू नये असे तो म्हणतो, हे मला विशेष वाटते.

इथेच ख्रिस्ती कोचिंग आणि व्यावसायिक कोचिंग यांच्यात फरक पडतो असे माझे मत आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघाच्या पद्धतीत संवादाचे उद्दिष्ट समोरची व्यक्ती ठरवते आणि कोचने त्यात स्वतःचा हेतू मिसळायचा नसतो. ही शिस्त आपल्यालाही उपयोगी आहे. पण आपल्या संवादात दोघांखेरीज तिसराही उपस्थित आहे असा आपला विश्वास आहे. म्हणून ‘तुम्हाला काय हवे आहे?’ हा आपला पहिला प्रश्न असला तरी शेवटचा असू शकत नाही. ‘हे हवे असण्यामागे काय आहे?’, ‘या इच्छेचा विचार करून झाल्यावर मनात शांती उरते की अस्वस्थता?’ हे प्रश्न पुढे यावे लागतात. इग्नेशियसने मनातील समाधान आणि उद्विग्नता ओळखायला शिकवले ते यासाठीच. अर्थात, क्षणभराची शांती म्हणजे देवाची इच्छा असे सोपे समीकरण त्यानेही मांडलेले नाही.

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मात्र अडचण आपल्यासारखीच आहे. फादरांनी काही विचारले की लोक त्यांना आवडेल ते बोलतात.

निशिगंध

मी समुपदेशक आहे आणि महिला संघाचेही काम पाहते. आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे प्रश्न कधी विचारू नयेत.

पाळकसाहेबांनी एलीयाचा उल्लेख केला, पण त्याच अध्यायाचा आधीचा भाग पाहा. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. तेव्हा त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. देवदूताने त्याला उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, त्याला पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. प्रश्न आला तो पुढे चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर, होरेबच्या गुहेत. जो माणूस जीव नकोसा झाला आहे असे बोलतो, त्याच्यापुढे ध्येय आणि पुढची पावले यांचे प्रश्न ठेवणे धोक्याचे आहे. मनात आत्महत्येचा विचार येतो का, एवढे मात्र त्याला स्पष्ट विचारावे, कारण असे विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. मग त्याला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला आणि डॉक्टरांना सोबत घ्यावे. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

घरात मारहाण होत असलेल्या बाईला ‘या परिस्थितीत तुमचा वाटा काय आहे?’ असे विचारणारे कोच मी पाहिले आहेत. कोचिंगच्या वर्गात हा प्रश्न स्वतःची जबाबदारी ओळखण्यासाठी शिकवतात, आणि कामाच्या ठिकाणच्या कुरबुरीत तो योग्यही असेल. त्या बाईला मात्र तो मारणाऱ्याच्या बाजूने विचारलेला वाटतो, आणि तिचे काहीही चुकत नाही. बायबलमधील ईयोबाने सर्वस्व गमावले, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर सर्व ठीक होते. मग त्यांच्यातील अलीफजाने तोंड उघडले आणि विचारले की निरपराध असून कोणाचा कधी नाश झाला आहे काय. व्याकरणाने तो प्रश्न आहे, पण प्रत्यक्षात तो आरोप आहे.

आणखी एक. ‘येथे बोललेले सर्व गुप्त राहील’ असे सरसकट वचन देऊ नका. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यातून पाळक किंवा कोच सुटत नाही. ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगावी.

दादरचा मेथॉडिस्ट

निशिगंधताईंच्या मुद्द्याला जोडून संमतीविषयी लिहितो. आमच्या मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी लहान गटांसाठी जे नियम लिहिले, त्यांत दर आठवड्याच्या सभेत प्रत्येकाला विचारायचे प्रश्न आहेत. मागील सभेनंतर तुमच्या हातून जाणूनबुजून कोणते पाप घडले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, असे ते अत्यंत थेट प्रश्न आहेत. आज कोणी असे विचारले तर लोक उठून जातील. पण ते सहन होत होते, कारण गटात येण्यापूर्वीच माणसाला वेगळे प्रश्न विचारले जात. तुमचे दोष तुम्हाला सांगितले जावेत अशी तुमची इच्छा आहे काय? आणि ते आडपडदा न ठेवता सांगितलेले चालतील काय? ज्याने याला होकार दिला, त्यालाच पुढचे प्रश्न. शिवाय सभेत जो प्रथम बोलायचा तो स्वतःच्याच अवस्थेविषयी बोलायचा. विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोन कायमचे वर्ग तिथे नव्हते.

उपासनेनंतर चहाच्या वेळी सर्वांसमोर खांद्यावर हात ठेवून ‘काय, आत्मिक जीवन कसे चालले आहे?’ असे विचारण्याची आपली पद्धत मला या कारणाने खटकते. तिथे संमती नसते, वेळ नसतो, आणि उत्तर ऐकण्याची तयारीही क्वचितच असते.

मुक्तछंद

चर्चा उद्बोधक आहे, पण बरीचशी तत्त्वांची चालली आहे. सह्यवासी सर, एखाद्या संवादात प्रश्नामागून प्रश्न कसा येतो हे आपण दाखवू शकाल काय?

सह्यवासी

संबंधित तरुणाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितो. तो चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला होता. नोकरी सोडून सेमिनरीत (पाळक होण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत) जावे की नाही, प्रभूची इच्छा कळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे वाक्य त्याने इतक्या सराईतपणे म्हटले की ते यापूर्वी अनेकांपुढे म्हणून झाले असावे. मी प्रथम विचारले की हे केव्हापासून मनात आहे. त्याने दोन वर्षांपूर्वीच्या एका शिबिराची साक्ष सांगितली, तीही पाठ केल्यासारखी. इथे अनेक कोच त्या शिबिराचा धागा पकडतील; मी तो सोडला, कारण त्याचे डोळे ते सांगताना हातातल्या मोबाइलकडे होते.

मग मी विचारले, “समजा, आज रात्री प्रभूची इच्छा अगदी स्पष्ट कळली. उद्या सकाळी तुम्ही सर्वांत आधी कोणाला फोन कराल?” तो बराच वेळ काही बोलला नाही. अशा वेळी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारण्याचा मोह आवरावा लागतो, कारण ती शांतता त्याच्या विचाराची असते आणि आपल्याला मात्र ती आपली फजिती वाटते. शेवटी तो म्हणाला, “वडिलांना. पण मग त्यांना कर्जाचं सांगावं लागेल.” बहिणीच्या लग्नासाठी त्याने घरच्यांच्या नकळत कर्ज काढले होते आणि त्याचे हप्ते पगारातून जात होते. आतापर्यंत कर्जाचा शब्दही निघाला नव्हता.

त्यानंतर मी सेमिनरीविषयी एकही प्रश्न विचारला नाही. “वडिलांना हे सांगण्याच्या विचाराने कशाची भीती वाटते?” आणि काही वेळाने “सांगताना सोबत कोणी असावे असे वाटते का?” एवढेच विचारले. थोरल्या आत्याला बरोबर घेऊन पुढच्या रविवारी गावी जायचे त्याने स्वतः ठरवले. निघताना मी विचारले की सोमवारी आपण फोनवर बोलू तेव्हा मी काय विचारलेले तुम्हाला आवडेल. तो म्हणाला, “गेलास का, एवढंच विचारा.”

यात ‘का’ने सुरू होणारा प्रश्न नाही हे आपल्या लक्षात आले असेल. कर्ज का काढले, असे विचारले असते तर तो सफाई देत बसला असता. सेमिनरीचे काय झाले, हे मी इथे लिहीत नाही, कारण त्या संवादाचा तो विषय उरला नव्हता.

अभ्यासिका

आपल्या इतिहासातील एक उदाहरण देण्याचा मोह होतो. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण), अथेनेशियसचा मतांगीकार (विश्वासाचे एक जुने सूत्र) अशा अनेक गोष्टींविषयी त्यांना प्रश्न पडले, आणि त्यांना मार्ग दाखवू पाहणाऱ्या दोन स्त्रियांनी त्यांना दोन प्रकारे प्रतिसाद दिला. मठातील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत. त्यांना रमाबाईंच्या शंकांत अहंकार आणि आज्ञाभंग दिसत असे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील याही श्रद्धावान अँग्लिकनच होत्या, पण रमाबाईंच्या शंका अधिकाराच्या जोरावर दडपता येणार नाहीत हे त्यांनी ओळखले, आणि पत्रांतून त्या शंकांचा गंभीरपणे विचार केला. १८८५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी आजीबाईंना लिहिले की मला सदसद्विवेक आहे, मन आहे आणि स्वतःची निर्णयशक्तीही आहे.

प्रस्तुत चर्चेसाठी मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की इथे प्रश्न विचारणारी व्यक्ती शिष्या आहे. आपण सर्व जण कोचने काय विचारावे यावरच बोलत आहोत. समोरच्याने आपल्याला उलट प्रश्न विचारला, तर आपल्यातील किती जण बीलबाईंसारखे वागतील?

खानदेशी पाळक

अभ्यासिकाताई, प्रश्न वर्मी लागला. मला मात्र उलट प्रश्नांपेक्षा वेगळीच अडचण अधिक वेळा येते. आमच्या भागातील साधी माणसे प्रश्न ऐकून घेतात आणि म्हणतात, “तुम्हीच सांगा, पाळकसाहेब. आम्हाला काय कळतं?” त्यांना पुन्हा प्रश्न विचारला तर पाळक मदत करत नाहीत अशी त्यांची समजूत होते. शेतातले काम टाकून, बसचे पैसे खर्चून आलेल्या माणसाला प्रश्न देऊन परत पाठवणे मला प्रशस्त वाटत नाही. याला काय करावे?

सह्यवासी

पाळकसाहेब, अशा वेळी मी मत सांगतो, पण लगेच नाही. आधी त्यांना म्हणतो, “मी सांगतो, पण मला तुमच्या घरची सर्व परिस्थिती ठाऊक नाही. हीच अडचण तुमच्या शेजाऱ्याने तुमच्यापुढे मांडली असती, तर तुम्ही त्याला काय सांगितले असते?” स्वतःविषयी काही कळत नाही म्हणणारा माणूस शेजाऱ्याविषयी मात्र अतिशय नेमके बोलतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्याचे बोलून झाले की माझे मत सांगतो, शक्य असेल तेव्हा एकाऐवजी दोन वाटा सांगतो, आणि “यातले तुमच्या घरात काय चालणार नाही?” असे विचारतो. पाळकाच्या मताला नकार देण्याची ती उघड परवानगी असते. ती न मागता घेण्याची आपल्या लोकांना सवय नाही, म्हणून ती आपणच द्यावी लागते. आणि काहीच चालण्यासारखे नसेल, तर बसची वेळ होईपर्यंत त्यांच्यासोबत बसून चहा घ्यावा आणि पुढच्या आठवड्यात आपणच त्यांच्या घरी जावे.